चंद्रकळेसाठी पंचावन्न अक्षरं

८ नोव्हेंबर २००५, हुबळी
मालतीने (मा.) आज चार वर्षांनी ती पेटी उघडली. वर काळी चंद्रकळा. आमच्या वसूच्या लग्नासाठी तिने कसुतीच्या टाक्यांनी भरलेली. गोपुरं, रथ, हत्ती, पालख्या. धागे मोजून मोजून दोन वर्षं. स्थळं बघायला लागलो तेव्हाच लेकीचं दुखणं निघालं. साडी उरली.
मा. म्हणते, कुणाच्या तरी अंगाला लागू दे. नात्यातल्या तिघींना विचारून झालं. "बघू हं वहिनी" म्हणून चहा पिऊन उठल्या. गेलेल्या मुलीची साडी मंगलकार्यात कोण नेसणार. असल्या समजुतींवर मी तीस वर्षं व्यासपीठावरून तुटून पडलो. घरातल्या तीन बायकांपुढे एक वाक्य सुचलं नाही.

१० नोव्हें.
पुतणी मंगलचं कोप्पीकर रोडवर इंटरनेटचं दुकान. तिथून साडी नेटवरच्या लिलावाला लावायचं ठरलं. परक्यांना काय माहीत, हे कुणी बोललं नाही. तिघांच्या मनात तेच.
शीर्षक मी लिहीन म्हटलं. इंग्रजीतून. 'एका मातेच्या हातून घडलेला अजरामर कलेचा तेजस्वी' – इथे चौकट भरली. पंचावन्न अक्षरांपुढे काही उमटेना. मंगल हसली नाही, तेच लागलं. नव्वदच्या दशकात याच परदेशी बाजाराविरुद्ध मैदानात दोन दोन तास बोलत होतो. घड्याळ दाखवायची कुणाची छाती नव्हती.

१३ नोव्हें.
तीन दिवस. एकही बोली नाही.
मंगल म्हणाली, "काका, यात साडी हा शब्दच नाही. अजरामर कोण शोधतंय? लोक साडी शोधतात."
मग शिकवलं. आधी वस्तू. मग काम, रंग, कापड, गाव. विशेषणं नकोत. घेणारी बाई शोधताना जे शब्द टाइप करील, तेच आपण लिहायचे. म्हणजे ऐकणाऱ्याचे शब्द आधी. मी आयुष्यभर उलटं...
'साडी, हाताची कसुती, काळं इरकल रेशीम, धारवाड'. थोडी जागा उरली. मंगलने भरली: 'न नेसलेली'. यावर लोक थांबतात म्हणे. मी मान डोलावली.

१५ नोव्हें.
साध्या शब्दांनी केलं ते. चार बोल्या. सगळ्यात वर मुंबईचा एक व्यापारी. त्याने विचारलं, हत्तींची रांग किती लांब आहे. तुकडे कापून चौकटीत बसवणार, हॉटेलांच्या भिंतींसाठी. घरी सांगितलं. मा. तांदूळ निवडत होती, निवडत राहिली.
त्याच्याखाली नाशिकची एक बाई. पहिलटकरीण. डोहाळजेवणाला काळी चंद्रकळाच हवी, असा तिचा हट्ट. हे ऐकून मात्र मा.ने सूप बाजूला ठेवलं. "कितवा महिना?" मला काय माहीत.

१६ नोव्हें.
नाशिकचा निरोप. बोली वाढवायला तयार आहे, पण सासूबाईंनी दोन गोष्टी विचारायला सांगितल्यात. खरंच कुणी नेसलेली नाही ना? आणि केली कुणासाठी होती?
मंगल म्हणाली, लिहून टाकू, विकायलाच केली होती. मी कागदावर उतरवून घरी आणलं, मा.ला वाचून दाखवलं.
तिने कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "नेसली होती ती."
कधी, म्हटलं.
"तुम्ही बेळगावला सभेला गेला होतात तेव्हा. ताप नव्हता त्या दिवशी. आई, एकदा नेसव म्हणाली. निऱ्या मी घातल्या. आरशापुढे उभी राहिली, मग दमली. बसूनच सोडली."
मला का नाही सांगितलंस?
"आलात ते सभेचंच सांगत होतात."
ती सभा. काय बोललो होतो, आठवतही नाही.

१७ नोव्हें.
शीर्षक बदलायला गेलो. बोली लागल्यावर बदलता येत नाही. खोटा शब्द तिथेच राहणार.
मंगल म्हणते, घरात घटकाभर नेसली, त्याला कोण नेसणं म्हणतं. खरं लिहिलंत तर नाशिकची पळेल, व्यापारी उरेल, मग बसा कात्री आठवत. तिचं चूक नाही. तरी मी सत्यावर बोलायला लागलो, मोठ्याने. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "साकु, काका," ती हळूच म्हणाली. पुरे. खरंच पुरे.
मा. एवढंच म्हणाली, "तिच्या पोटात बाळ आहे. तिला फसवून नेसवायची नाही मला. आणि वसूचं नाव लिहा. नाव गाळू नका."

१८ नोव्हें.
उत्तराला अक्षरांची मर्यादा नाही. चारच ओळी झाल्या. साडी आमची मुलगी वसुधा हिच्यासाठी तिच्या आईने भरली. ती एकदा नेसली, घरी. चार वर्षांपूर्वी ती वारली. शीर्षकातलं 'न नेसलेली' चूक आहे, त्याबद्दल माफी.
खाली समजुतींविरुद्ध एक वाक्य लिहिलं होतं. चांगलं होतं. खोडलं. त्या पोरीला भाषण नको आहे.
पाठवलं. लिलाव उद्या दुपारी बाराला बंद. व्यापारी अजून वर. नाशिकहून काही नाही.
मा.ने साडी घडी मोडायला काढली. नेईल तो नेईल, घडीवर विरलेली नको म्हणाली. दुसरं टोक धरायला मला हाक मारली. पदर उजेडात आला तेव्हा दिसलं: खांद्यावर येतो त्या जागी पिनेची दोन बारीक भोकं. तिने त्यांवर बोट ठेवलं. मग मी.