मंगलची ओटी भरली नाही

प्रिय मंगलची आई,

तू गेल्यापासून पेन हातात धरलं नव्हतं. चौथी शिकलेल्या माणसाला पत्र कशाला सुचतं? पण काल हदगावच्या आपल्या घरात जे झालं, ते तुला सांगितल्याशिवाय राहवेना.

मंगल परत आली आहे. या वेळी जावयाने हातच मोडला.

आठवतं? ती मार खाऊन यायची आणि दोन दिवसांनी तू तिची ओटी भरायचीस. खण, नारळ, तांदूळ. मी तिला तिच्या सासरी, देवणीला जाणाऱ्या गाडीत बसवून द्यायचो. आपल्याला ती माया वाटायची गं! तिला ते 'जा परत' असंच ऐकू येत असेल.

दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंना मी विचारलं, पोरगी इतकी वर्षं गप्प का राहिली? त्या म्हणाल्या, "काका, लहानपणी जिला गप्प बसवलं, तिला मोठेपणी कुणी धावून येईल असं वाटतच न्हाई. मारणाऱ्याला ते बरोबर कळतं. चूक तिची न्हाई."

नऊ वर्षांची होती ती. माझ्या भावाने, किसनने, तिच्याशी केलेलं घाणेरडं काम तिने तुला सांगितलं. "आबांना कळू देऊ नको," म्हणालीस तिला, आणि स्वतः मात्र मला येऊन सांगितलंस. मी घराची अब्रू धरून बसलो, तुलाही गप्प राहायला सांगितलं. तू तरी का ऐकलंस माझं?

काल जावयाकडचे लोक बैठकीला आले. मध्यस्थ कोण? किसनच! म्हणाला, "ओटी भरा आन् धाडून द्या. संसारात चालायचंच."

मंगल दारातून बोलली, "नऊ वर्साची व्हते तवा ह्यानंच माझं तोंड दाबलं. आता पुन्हा न्हाई दाबू देणार."

"याड लागलं पोरीला. इचारा माझ्या भावाला!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"खरं बोलून राहिली ती," मी म्हणालो. "मला तवापासून ठाऊक हाय."

किसन उठून गेला. पाहुणेही चहा न घेता निघाले. मंगल मात्र माझ्याकडे बघतच राहिली.

"आबा, तुम्हाला ठाऊक व्हतं?"

संध्याकाळपर्यंत ती आतच बसून होती. माझा जीव टांगणीला! मग कप आदळत म्हणाली, "उद्या पोलीस ठाण्यात जायचंय. संगं येता का, का बीपीची गोळी घेऊन पडून ऱ्हाता?" आणि हसली गं! किती वर्षांनी!

मी आज जाणार आहे. साहेबापुढे जीभ अडखळेल, कागद विसरतील, पण सगळं सांगेन. मी गप्प बसलो होतो, हेही. तुझंही नाव निघेल. रागावू नकोस.

तुझा,
गणपत