हनुवटीवरचं गोंदण

आष्टा,
५ मार्च १९७८

प्रिय बनू,

तू मस्कतला निघालीस असं कळलं. तू कळवलं नाहीस, आईनंही कळवलं नाही, पण कळायचं ते कळतंच. आपल्या दोन्ही घरांत परदेशाची माहिती माझ्याइतकी कुणाला नाही, हे तूही मान्य करशील. मी सातवी पास, सांगलीच्या पुढं मुंबई एकदाच पाहिलेली. पण तुझे दाजी तिकडं कामाला लागल्यापासून गेली दोन वर्षं मी रोज मनानं मस्कतला जाऊन येते आहे. भाकरी थापता थापता जाते आणि ती करपायच्या आत परत येते. आता माझं जाणं होत नाही म्हटल्यावर एवढी गोळा केलेली माहिती करायची काय? म्हटलं, धाकटी निघालीच आहे, तर तिला चार गोष्टी सांगाव्यात. थोरल्या बहिणीचं ते कामच आहे.

पहिलं सामानाचं. विमानात वीस किलोच नेता येतं, तेव्हा ट्रंक नेऊ नकोस. नुसत्या ट्रंकेचंच वजन सात किलो भरतं. मी ती वाण्याच्या काट्यावर ठेवून पाहिली आहे. वाणी म्हणाला, "वहिनी, आतलं सामान इकायचं हाय का ट्रंक?" कापडी बॅग घे, वरून सुतळीनं आवळ आणि दोन्ही अंगांनी नाव लिही. चटणी ने, तिकडच्या जेवणाला चव नसते म्हणतात; पण कांदा-लसूण मसाल्यात खसखस घालू नकोस. तिकडं खसखस म्हणजे अफूच समजतात आणि बाईमाणसालाही आत टाकतात, असं तुझे दाजी सांगायचे. डब्याचं झाकण झाळणाऱ्याकडून डाग देऊन बंद करून घे, नाहीतर तेल सुटून साड्यांचं वाटोळं होईल. अंगावर जे सोनं असेल त्याची यादी करून सांताक्रुझला कस्टमच्या माणसाकडून शिक्का मारून घे. तसं केलं नाही तर परत येताना आपलंच मंगळसूत्र आपलं आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. आणि एक गोधडी ने. तिकडं बाहेर भट्टी असली तरी खोलीत गार हवेचं यंत्र असतं, पहाटे थंडी वाजते. मी आईची दोन जुनी इरकली लुगडी आणि तुझ्या दाजींच्या मिलिटरीतल्या जुन्या खाकी सदऱ्याचे तुकडे घालून एक शिवायला घेतली होती. तिचं पुढं सांगते.

मग टोचून घेण्याचं. देवीची लस आणि पटकीची लस, दोन्ही टोचल्याची नोंद एका पिवळ्या पुस्तकात असते. ते पासपोर्टाइतकंच जपायचं. मी दोन्ही सांगलीत विश्रामबागेच्या दवाखान्यात टोचून घेतल्या. पटकीच्या लशीनं दोन दिवस ताप येतो, दंड सुजतो, तेव्हा धुणं असेल त्या दिवशी टोचून घेऊ नकोस. तिथल्याच डॉक्टरीणबाईंना मी धीर करून दुसरंही विचारलं होतं, लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मूल का नाही. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, तुमच्यात काही दोष दिसत नाही, आता मालकांना घेऊन या. तुझे दाजी त्यानंतर सुट्टीवर आले, सांगलीला दोनदा गेले, सर्कससुद्धा बघून आले, पण विश्रामबागेत आले नाहीत. म्हणाले, "मला काय धाड भरलीया?" हे मी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. तुला सांगते आहे, कारण तुला आता ते माहीत असायला हवं.

पासपोर्टाचं मात्र मोठं रामायण. फॉर्म मोठ्या साहेबाच्या सहीचा लागतो, मग पोलीस घरी येऊन चौकशी करतो, शेजाऱ्यांना विचारतो. आमच्या चुलत दिरानं, दादासोनं, माझ्यासाठी सांगलीला चार खेपा घातल्या. इंग्रजी सही करायला त्यानंच शिकवलं. पाटीवर महिनाभर गिरवली तेव्हा कुठं हात बसला. फोटोत पदर डोक्यावर चालतो, पण कपाळ आणि हनुवटी दिसली पाहिजे. आणि फॉर्मात एक रकाना असतो अंगावरच्या खुणेचा. तीळ, व्रण, काय असेल ते. दादासो म्हणाला, "वहिनी, हनुवटीवरचं गोंदण लिवूया, ते जन्मात जायचं न्हाई." म्हणून माझ्या पासपोर्टात ते आहे. उंची, जन्मतारीख आणि हनुवटीवर गोंदण.

दिवाळीत तू आईबरोबर आलीस तेव्हा हे सगळं मी तुला दाखवलं होतं. फराळाची ताटं बाजूला सारून आपण दोघी तो पासपोर्ट उघडून बसलो होतो. तू विचारलंस, आक्का, उंची किती लिहिली? जन्मतारीख कुठली धरली? सही करून दाखव की. मी करून दाखवली, आणि तू माझ्याच पाटीवर ती गिरवलीस. तुझा हात माझ्यापेक्षा लवकर बसला. मला बाई कौतुक वाटलं. वाटलं, थोरली लांब जाणार म्हणून पोरगी जीव लावून विचारते आहे. मग पौषात आईचं पत्र आलं की पालीच्या यात्रेत बनूनं हनुवटीवर गोंदवून घेतलं. मी हसले. कान टोचताना सोनाराच्या हाताला चावलेली पोर ही, सुईला इतकी भिणारी, आणि गोंदवून घेतलं? दादासोलासुद्धा सांगितलं मी, आमच्या बनूला माझ्यासारखं दिसायचंय.

ते खरंच होतं. फक्त कशासाठी, ते कळायला मला दीड महिना लागला.

तुझे दाजी माघाच्या तोंडाला सुट्टीवर आले. घरात पाऊल टाकल्या टाकल्या म्हणाले, कंपनीनं कुटुंबाच्या खोल्यांचं पुढं ढकललंय, तुझं यंदा जमत नाही. मी दोन दिवस जेवले नाही, पण विश्वास ठेवला. मग म्हणाले, पासपोर्ट मात्र काढून ठेव, जाताना मुंबईला शिक्का मारायला न्यायचाय. त्यावरही विश्वास ठेवला. दर चार दिवसांनी मुंबईला म्हणून जायचे आणि बुटाला आपल्या माहेरची, रहिमतपूरची तांबडी माती घेऊन यायचे. ती माती मीच पुसत होते, बनू. एकदाच पाहिलेल्या मुंबईत तसली माती असते की नाही हे मला कुठं ठाऊक.

गेल्या मंगळवारी मी सांगलीच्या एसटी स्टँडवर उभी होते. तिथं आपल्या शेजारच्या भामाबाई भेटल्या. त्यांची लेक माधवनगरला दिलेली, तिच्या बाळंतपणाला आल्या होत्या. त्यांच्या मनात काही नव्हतं. माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "साळू, तू न्हाईस आलीस व्हय बनूच्या लगनाला? मामाच्या मळ्यातच उरकलं, वाजाप न्हाई का काय न्हाई. तुझ्या संमतीनंच झालं म्हनत्यात. लय मोठं मन गं बाय तुझं. आन् ताटात बी तुझंच नाव लिवलं की जावयानं, अंजना. आमी म्हटलं, थोरलीचंच नाव धाकटीला, लय माया दिसतीया." माझी आष्ट्याची एसटी लागली, सुटली, आणि मी तिथंच उभी होते.

माझं लग्न तुला आठवत असेल. तू बारा वर्षांची होतीस. ताटात तांदूळ पसरले, त्यांनी अंगठीनं अंजना असं लिहिलं, आणि तू ताटावर वाकून वाचून भोकाड पसरलंस की आमची साळू कुठं गेली. तात्याबामामांनी तुला कडेवर घेतलं, एवढी घोडी झालेली तरी, आणि म्हणाले, "आगं, हितंच हाय की ती. निस्तं नाव बदललंय." तेच तात्याबामामा आता त्यांच्या मळ्यात तसल्याच ताटाशेजारी बसले होते. मला सवत आणली याचं दुःख आहेच, खोटं कशाला बोलू? पण आपल्याकडं ते काही नवं नाही. एकीला मूल नाही म्हणून दुसरी आली, अशा बाया मी पाहिल्या आहेत. पण त्या आपापल्या नावानं नांदल्या. तुम्ही माझा नवरा घेतलात, जाणं घेतलंत, आणि नावही सोडलं नाहीत. ते मला आधी दिलं तेव्हा तरी मला कुणी कुठं विचारलं होतं?

आणि सगळ्यात लागलं ते हे. ते माघात आले. गोंदण तू पौषात घेतलंस. म्हणजे दिवाळीत माझ्या हातच्या करंज्या खाताना तुझ्या मनात हे होतं. त्याच दिवाळीत आईनं मला साडी नेसवली, पाठीवरून हात फिरवला, तेव्हा तिलाही ठाऊक होतं. नवरा फसवतो ते एक असतं, त्याला तोंडावर बोलता येतं. माहेरानं फसवलं तर बाईनं सांगायला कुणाकडं जायचं? आजवर मी कृष्णात हे नाव उखाण्याशिवाय घेतलं नाही. आता लिहिते. कृष्णातनं मला फसवलं, आणि तू त्याला हात दिलास. तुला लहानपणी न्हाऊ घातलं, तुझ्या उवा काढल्या, पण तुझ्या मनात काय चाललंय ते मला दिसलं नाही.

तरीही एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल, ती सांगते. माझ्या पासपोर्टावर तू गेलीस, की तिथं तू अंजना. कायमची. बनू म्हणून एकही कागद त्या देशात असणार नाही. मूल झालं, तर दवाखान्यात आईचं नाव माझं लागेल. नाही झालं, तर विश्रामबागेत जे मला सांगितलं ते आठव. दोष कुणाचा हे तपासायला ते तुझ्याबरोबरही जायचे नाहीत, आणि मग तुझ्याही जागी तिसरी अंजना येऊ शकते. तिचंही गोंदण कुणीतरी करून देईल. आणि उद्या परक्या मुलखात तुझं काही बरंवाईट झालं, तर तार येईल ती अंजना गेल्याची. मी इथं चुलीपुढं जिवंत बसून माझीच तार वाचायची. माझ्या नावानं सुतक धरतील, आणि आमची बनू कुठं गेली असं विचारायला कुणी उरणार नाही. आईसुद्धा विचारणार नाही, कारण तिला विचारता येणार नाही.

आता गोधडीचं. मंगळवारी घरी आले ती ट्रंक उघडली, पासपोर्ट आणि पिवळं पुस्तक मेणकापडात गुंडाळलं, आणि शिवायला घेतलेल्या त्या गोधडीच्या मधोमध ठेवून वरून टाके घातले. खाकी तुकड्याच्या बरोबर खाली. परवा त्यांनी ट्रंक उपसली, कणगीत हात घातला, देव्हारा हलवला. मग दमून त्याच गोधडीवर मांडी घालून बसले, चहा मागितला आणि म्हणाले, "कुठं ठिवलाईस गं?" मी म्हटलं, "आसंल की घरातच. बघा नीट." त्यांचं विमान बावीस तारखेचं आहे. माझ्यावाचून हे कुणालाही ठाऊक नाही, दादासोलाही नाही. फक्त तुला सांगितलं, आणि मुद्दाम सांगितलं. हे पत्र त्यासाठीच. पाकिटावर तुझं नाव बनू असंच घातलंय. तुमच्या पोस्टमनला दुसरं नाव ठाऊक नाही. तुझ्या नवऱ्याला हे सांगायचं असेल तर जरूर सांग; बावीसच्या आत गोधडी उसवली गेली, तर मी समजेन की मला बहीण नव्हती, आणि पुन्हा लिहिणार नाही. टाके तसेच राहिले, तर बावीसला ते एकटे जातील. मग पाडव्याला तू इकडं ये, एकटी ये. कुठं जायचं, कुणाबरोबर जायचं, की कुठंच जायचं नाही, ते तू मागाहून ठरव. पण फॉर्म आपण तुझ्या नावानं भरू. दादासो सांगलीच्या खेपा घालील, सही मी शिकवीन, बनू अशीच. येताना दोन फोटो तेवढे घेऊन ये, गोंदण दिसेल असे.

तुझीच आक्का,
अंजना