तुम्ही गाळलेलं पान

ओरोस,
बुधवार

प्रिय आप्पा,

भक्तीला रविवारी बघायला येणार आहेत, मुलगा शांत आहे, सरकारी नोकरी आहे, ती नाही म्हणते, तू मोठी बहीण, जरा समजाव, असं तुम्ही परवा फोनवर म्हणालात. मी हो म्हटलं. मग दोन दिवस पुस्तक वाचत बसले. तुमचंच. मुखवटा घातलेल्या तलवारबाजाची ती इंग्रजी कादंबरी. चतुर्थीला आले होते तेव्हा तुमच्या कपाटातून न विचारता उचलली. त्याबद्दल माफी मागणार नाही.

मे महिन्यात आपण पडवीत कोकमांसाठी रातांबे फोडायला बसायचो. वर्षभर शाळेत इंग्रजी शिकवून तुमचा घसा बसलेला, तरी तुम्ही रोज त्या गोष्टीचा एक तुकडा मालवणीत सांगायचात. दिवसा जांभया देणारा, घोड्यावर बसायचाही कंटाळा करणारा श्रीमंतांचा गुळमुळीत मुलगा, आणि तोच मुखवटा चढवून जुलमी अधिकाऱ्यांची खोड मोडणारा. मी बावीस वर्षांची घोडी, पण हातातलं काम विसरून ऐकायचे. त्याच मे महिन्यात सुदेश मला बघायला आला आणि पोह्यांची बशी धरून जमिनीकडे बघत बसला. मला तो मुळीच आवडला नाही, आणि ते तुम्हाला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही गोष्ट पुढे नेलीत. त्या बावळटाची मागणी येते, नायिका आईवडिलांच्या शब्दाखातर हो म्हणते आणि लग्नानंतर त्याचा मुखवटा उतरतो. "गो बाय, गप रवणारो झील कधी काय करीत सांगाक येणा नाय," असं त्या गप्प राहणाऱ्या मुलाबद्दल म्हणून तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. रातांब्यांची टोपली संपायच्या आत मी होकार दिला.

नऊ वर्षं मी वाट बघितली, आप्पा. लोकांना सांगितलं तर वेड्यात काढतील. इथल्या शाळेत मला नोकरी लागली, तेव्हा माझे दीर मंगेशभावजी भर जेवणात म्हणाले, घरात माणूस हवं, नोकरी सोड. मी सुदेशकडे बघितलं. म्हटलं, आता हा उठेल. त्याने सोलकढी मागितली. तो वाईट नाही, पीत नाही, हात उगारत नाही. पण त्याच्या तोंडावर मुखवटा कधी नव्हताच, आणि मी मूर्खासारखी तो उतरायची वाट बघत राहिले.

पुस्तकात ती मुलगी हो म्हणत नाही. घर अडचणीत असतं, बापाला हे स्थळ हवं असतं, तरी ती त्याच्या तोंडावर सांगते की असा माणूस मला नको. बाप हळहळतो, पण तिला बांधून घालत नाही. तो बावळट म्हणजेच तलवारबाज, हे तिला पुढे कळतं. नकार देताना तिला ते ठाऊक नसतं. आणि आप्पा, त्या नकाराच्या शेजारी समासात तुमची पेन्सिल आहे. एक उभी रेघ आणि तुमच्या मास्तरी अक्षरात 'छान!'. म्हणजे तुम्ही ते वाचलं होतंत. तुम्हाला आवडलंही होतं. मला मात्र ते सांगितलं नाहीत. दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर मी चार शिव्या घालून मोकळी झाले असते. तुमच्यावर माझा फार विश्वास होता हो.

काल भक्तीचा फोन आला. रडत होती. म्हणाली, आप्पा सध्या रोज दुपारी मुखवटेवाल्याची गोष्ट सांगतात. म्हणून हे पत्र तिला न लिहिता तुम्हाला लिहिलंय. सोबत पुस्तक पाठवतेय, त्या पानात खूण घातली आहे. पाहुणे यायच्या आधी तिला समोर बसवा आणि ते पान मालवणीत सांगा, एक शब्द न गाळता. मी शनिवारच्या एसटीने येतेय. तुमच्याने झालं नाही, तर रविवारी पाहुण्यांसमोर मी सांगेन.

अजूनही तुमचीच,
गौरजा