मोठ्याने बोला

३ मार्च
नाक शिंकरलं आणि डाव्या कानातून शिट्टी वाजली! शेजारच्या मशीनवर धाकटी जाऊ. तिला सांगितलं तर ओरडून म्हणते, "जाऊबाई, गाडी सुटली वाटतं तुमची!"

आता मात्र शिलाईचं दुकान अर्धा दिवस तिच्यावर टाकून कानाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरीणबाई सुनेच्या वयाची. दोन्ही पडद्यांना भोकं, डाव्याचं मोठं. लहानपणी कान वाहायचे, तेव्हापासूनची मिळकत. बाईंनी चिमट्यासारखा दोन दांड्यांचा लोखंडी काटा वाजवून कानाजवळ धरला — शुकशुकाट. तोच कानामागच्या हाडावर टेकवला तर चांगला घणघणला! म्हणजे आतली नस शाबूत. "आवाज आत पोचवणारा पडदाच फाटलाय, आजी. ठिगळ लावू."

ठिगळ म्हटल्यावर भीती निम्मी झाली. हे खातं आपलं.

दुकानात परतले तर धाकटीने सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, "बिघडलं म्हणजे?" म्हटलं, अगं, आणखी किती बहिरी होणार मी?

१९ मार्च
झालं. ऑपरेशनात कानाजवळचीच पातळ झिल्ली काढून डाव्या पडद्याच्या भोकावर बसवली. कापड घरचंच, रंग जुळायची चिंता नाही. कानात पाणी नको, नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं.

२० मार्च
शिंक आली. तोंड उघडलं. ठिगळ टिकलं असावं.

१४ एप्रिल
कानातला बोळा निघाला. जिना उतरताना कोणीतरी चपला फटफटवत मागे येतंय — मीच ती! दुकानात येऊन धाकटीचं मशीन ऐकलं. केवढं करकरतंय! तेल कधीपासून नाही कोण जाणे. "तुला कसं गं कळलं नाही?" ती टेप गुंडाळत राहिली.

२ मे
तपासणी झाली. डावा कान जवळजवळ सगळं ऐकतो! आल्या आल्या काउंटरवरची पाटी काढली — 'मोठ्याने बोला'. धाकटीनेच रंगवलेली. "राहू द्या की, लोकांना सवय आहे," म्हणाली. सवयीचं काय कौतुक!

५ मे
धाकटी फुगलीय. गिऱ्हाईक आलं की माझ्याकडे ढकलते. पोस्टमनने पँट कुठवर आखूड करायची ते दोनदा सांगितलं. हिने मान डोलावली आणि खडू भलतीकडेच मारला. मी बोलले. तर म्हणते, "आता तुम्हाला माझी काय गरज!"

चरकलेच. माझा कान बरा झालेला हिला खुपतो की काय?

८ मे
दुपारी मशीनं बंद. धाकटी खिडकीशी पाठमोरी, काजं करत होती. हल्लीच्या माझ्या हळू आवाजात विचारलं, "चहा ठेवू का गं?" काही नाही. "धाकटे, दुकानाला आग लागलीय." तिने टाका घातला. मग पुढचा घातला.

पूर्वीसारखी ओरडले — "चहा!"

"ठेवा की," म्हणाली.

ठेवला. गॅससमोर उभी राहिले. माझ्यासाठी आख्खी गल्ली ओरडत होती. त्यात हिचंही भागत होतं.

९ मे
पाटी पुन्हा लावली. पोस्टमन हळूच म्हणाला, "आजी, कान बरा झाला म्हणे?" म्हटलं, काय? पाटीकडे बोट केलं. बिचारा ओरडला. खिडकीशी धाकटी खुदकन हसली, "झालाय हो, थोडासा!"

तिला डॉक्टरीणबाईंकडे न्यायचंच आहे. पण ती आपणहून म्हणेपर्यंत या दुकानात बहिरी मीच.