काळीवरचं कोकण

२ एप्रिल
माजघराच्या भिंतीला भेग पडली. वरून खाली, केसाएवढी. यांना दाखवली तर म्हणाले, "पलस्तर वाळलं का तडे जातेच." चिऱ्याच्या उघड्या भिंतीला पलस्तर आहेच कुठे? पण नवं घर आहे, उगाच तोंडाला तोंड नको.

५ एप्रिल, रविवार
अकोल्याचं एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढायला आलं होतं. मुलगी पडवीच्या खांबाला टेकून किती वेळ लाजत होती. "तेल्हाऱ्यात कोकण!" असं फोटोवाला म्हणाला आणि हे फुलून गेले. चहा काय, सरबत काय.

खोटं कशाला लिहू, घर दिसतंच तसं. लाल जांभा, उतरती कौलं, संध्याकाळी तर नजर काढावीशी वाटते. फूलशेतकऱ्यांच्या सहलीत हे गुहागरकडे दोन रात्री काय राहून आले, येडेच होऊन आले. चिरे थेट रत्नागिरीहून ट्रकने. तेव्हापासून ओसरीला पडवी म्हणायचं आणि बंगईला झोपाळा. मी चुकले की टोकतात. मीही हौसेने शिकले. इतक्या वर्षांत या माणसाने झेंडू-शेवंतीशिवाय कशाचा ध्यास घेतलेला मी पाहिला नव्हता.

८ एप्रिल
गावातल्या जुन्या शेजारीण पार्बताबाई आल्या होत्या. घरभर फिरल्या, पाणी प्यायल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "सुंदर हाये व माय. पन काळीत काहून बांधलं? गावात जागा नोयती काय?"

दिवसभर तेच डोक्यात. आमच्याकडे पीक काळ्या मातीत आणि घरं गावच्या पांढऱ्या मातीवर, हे लहान पोरालाही ठाऊक. काळी पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसून फाटते. याच वावरातल्या भेगेत यांचा विळा पडला होता. कोपरापर्यंत हात घातला तरी लागला नाही. आणि त्याच मातीवर घर! इंजिनिअरने मुरूम लागेपर्यंत खणायला सांगितलं होतं. हे अर्ध्यातच थांबले. "तिकळे कोनी एवढं खनत नाई." तिकडे जांभ्याचं घर जांभ्यावरच उभं असतं, हे माझ्यासारखीला कळतं. यांना कळत नसेल?

११ एप्रिल
तापमान पंचेचाळीसच्या वर गेलं. या मोठाल्या खिडक्या समुद्राचा वारा घ्यायला केलेल्या. आमचा वारा आत येतो तो भाजून काढतो. ओली चादर टांगली, तासाभरात कडक.

हे मात्र सुपारी आणि केळीला पाणी देण्यात दंग. झाडं अगदी जोत्याला चिकटून लावली आहेत. माळ्याचा हात, पान मलूल झालेलं बघवत नाही. पश्चिमेला घराच्या अंगाशी चिखल आणि पूर्वेला जमीन फाटलेली. एकीकडे माती घर वर उचलते, दुसरीकडे खाली सोडते. म्हटलं, "पाणी बंद करा, नाहीतर झाडं दूर हलवा."
"मंग कोकण कसं दिसन?"

१२ एप्रिल
भेगेत नख जातं.

१६ एप्रिल
अमरावतीहून वर्षालीचा फोन. पहिलं बाळंतपण, मे लागला की आणायचं ठरलंय. "आई, माया पलंग खिडकीजवळ लाव. मले केळी दिसली पाह्यजे." हो म्हटलं. फोन ठेवला आणि भेगेसमोर जाऊन उभी राहिले. तिच्यासाठी सजवलेली खोली त्याच भिंतीच्या पलीकडे आहे. अलीकडे माजघर, तिथे आम्ही निजतो.

जेवताना यांना म्हटलं, गावातलं घर झाडून घेऊ, बाळंतपण तिथेच करू. दोन खोल्या आहेत, पाणी आहे. भडकले. "हौसेनं घर बांधलं आन् शेषराव पोरीले जुन्या घरात निजवते, असं म्हनन गाव. लोकाईले हासाले कारन देऊन राहिली काय तू?" ताट सारून उठले. 

२० एप्रिल
वर्षालीच्या खोलीचं दार उंबऱ्याला घासतंय. भाकरी थापताना वर कटकन आवाज झाला. हे म्हणाले, कौल तापलं. दुपारभर मी पडवीत बसून होते. आत जायची भीती वाटते, हे कुणाला सांगू?

२३ एप्रिल
भेग नाही! हात फिरवून पाहिला. लाल, सपाट. घर बसलं असेल आपल्या जागी. बसतं म्हणतात. इतकं हलकं वाटलं की शिरा केला. हे शिरा खाऊन गप्प पडून राहिले.

२४ एप्रिल
यांच्या नखांत लाल भुकटी. पाण्याच्या मोटारीच्या खोलीत गेले तर चिऱ्याचा तुकडा कुटून ठेवलेला, शेजारी पांढऱ्या सिमेंटचा डबा. भेग भरून आली नव्हती, बुजवली होती. माझ्या हातचा शिरा खाल्ला आणि तोंडातून शब्द काढला नाही!
"मंग काय उघडी ठेवू? फोटोवाले येतेत."
म्हटलं, पोरगी येणार आहे.
"मले मालूम हाये ना," एवढंच म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

२८ एप्रिल
बुजवलेल्या जागेशेजारी नवी भेग. हिच्यात बोट जातं. पलीकडच्या खोलीतला उजेड दिसतो.

ठरवलं. यांना न विचारता वर्षालीला कळवायचं. पहिलटकरणीला तिच्याच आईने माहेरी येऊ नको म्हणायचं! शब्द जुळवते आणि परत मोडते. यांच्याशी बोलावंसं वाटत नाही. राग आहेच, पण त्याहून जास्त एकटं वाटतंय.

३० एप्रिल
फोन लावला. मी काही बोलायच्या आत वर्षालीच म्हणाली, "आई, बरं केलं तुमी दोघं गावातल्या घरी राहाले गेले. मागच्या हप्त्यात बाबानं सांगतलं मले. भिंतीचा काई भरोसा नाई, तू येऊ नको म्हणाले. मी इथंच दवाखान्यात नाव टाकलं."

आम्ही कुठेही गेलेलो नाही. माझी उशी आजही त्याच भिंतीला टेकलेली आहे.