घरचा कांदा

सम्यकदादा,

जयभीम. तू दुबईहून फोन करून आप्पांना विचारतोस, "वावरात हाये का?" आणि ते "व्हय" म्हणतात. ते वावरात नसतात रे. इथं शहरात, मुकुंदवाडीत, माझ्या घराजवळच्या सोसायटीत ते वॉचमन झालेत. तुला सांगू नये म्हणून त्यांनी मला शपथ घातली. म्हणून हे पत्र लिहितेय, पण टाकणार नाय.

सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा आप्पा वैजापूरच्या मार्केट यार्डात भरला ट्रॅक्टर घेऊन उभे होते. सकाळच्या लिलावात भाव पार कोसळला. व्यापारी निघून गेले, हमाल रिकाम्या हातानं बसून राहिले. आप्पांनी माल माघारी आणला. लाल कांदा टिकत नाय, अंगणातच सडला. त्याच आठवड्यात मी गावी गेले होते, तेव्हा तू फोनवर म्हणालास, "आमच्या दुकानात कांदा लई महागलाय, आपल्याकडचा येतच नाय." आप्पा नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन माझ्याकडं दिला. पुढच्या हंगामात त्यांनी कांदा लावलाच नाय. वावर बटाईनं देऊन इकडं आले.

काल मी त्यांच्यासोबत बाजारात गेले होते. भाजीवालीनं विचारलं, "काका, कांदा देऊ का?"

"नको," आप्पा म्हणाले. "घरचा हाये आमचा."

घरी येऊन बिनकांद्याचं पिठलं केलं. आप्पा खाली मान घालून जेवले आणि ड्युटीवर गेले.

तुझीच,
विशाखा