फुलीवरून काढलेले फोटो

४ फेब्रुवारी, रविवार
आजपासून हे काम माझं. गोदीच्या रुंद भिंतीच्या माथ्यावर डेसने पांढऱ्या रंगाने फुली काढून ठेवली आहे. तिच्यावर उभं राहून दर रविवारी नव्या स्टेडियमचा एक फोटो काढायचा, फुटबॉल क्लबच्या चाहत्यांच्या पत्रकासाठी. डेसने सत्तर रविवार काढले आणि नोव्हेंबरात तो गेला. आज छान ऊन होतं. क्रेनवरच्या माणसाने हात केला. डेसचा सामन्यांचा सोबती बर्नी थर्मासमधून चहा घेऊन आला. म्हणाला, चाळीस वर्षं एकाही सामन्याला आली नाहीस, शेवटी ओढून आणलंच की तुला नवऱ्याने. मला हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.

१० मार्च
बर्नीने पुन्हा डेसच्या राखेचा विषय काढला. जुन्या मैदानाच्या कडेला चाहत्यांच्या राखेच्या पेट्या पुरलेल्या आहेत, त्या आता इथे हलवणार. डेसचीही त्यांच्यात हवी, कॉर्नरच्या झेंड्याजवळ, म्हणाला. मी हो म्हटलं. पेटीत मात्र घरच्या शेकोटीतली राख भरली. विंचरताना निघालेले केस मी रोज त्याच शेकोटीत टाकते, आईची सवय. डेस कपाटावरच्या बरणीत आहे. आमच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा तो दुपारी सामन्याला गेला होता. सगळे शनिवार त्या क्लबने घेतले. आता तो माझा.

१४ एप्रिल
पेटी पुरली. पाद्री चार शब्द बोलले, बर्नी रडला. मला लाज वाटली नाही.
घरी फोटो मोठा करून पाहिला. खुर्च्या अजून बसवलेल्या नाहीत, तरी काँक्रीटच्या पायऱ्यांवर माणसं बसली आहेत. जुन्या टोप्या, जुने कोट. दुसऱ्या रांगेत एक जागा मोकळी. कुणासाठी तरी मफलर टाकून धरून ठेवलेली.
बर्नीला दाखवला. "काँक्रीट आहे ते, विनी. चष्मा बदल बाई," म्हणाला.

२१ एप्रिल
मफलरच्या जागी आज एक बाई. मान खाली.
ती डेसची जागा आहे. कोण ही? इतकी वर्षं शनिवारी हिच्याच शेजारी —
बरणीला विचारलं. दोनदा विचारलं.

२८ एप्रिल
तिने मान वर केली. करडा कोट, कोपराला ठिगळ. ते ठिगळ मी लावलंय. तोंडही माझंच —
बर्नीला सगळं सांगितलं, राखेचंही, तिच्यातल्या माझ्या केसांचंही. त्याने थर्मासचं झाकण लावलं. मग एवढंच म्हणाला, "त्याची जागा तू घेतलीस गं."

५ मे
बरणी रिकामी. कॅमेराही जागेवर नाही.

पायाखाली गार काँक्रीट. दोन्ही बाजूंना खांदे. कुणी बोलत नाही. उठता येत नाही. वही मांडीवर —

समोर भिंतीवर, फुलीवर, डेस. डोळ्याला कॅमेरा. मी हात हलवतेय. त्याला दिसत नाही — नाही, बघतच नाही. स्टेडियम बघतोय. अजूनही नुसतं स्टेडि—